भाषासंग्रह आणि संगणकातील साठवणीची जागा

प्रास्ताविक

बोलीचा अभ्यास करताना आपण टिपणे काढतो, तसेच भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रितही करतो. समजा, नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात आपण एका वयोवृद्ध आजींकडून अहिराणीतील ओव्या थेट संगणकावर ध्वनिमुद्रित करीत आहात आणि मध्येच डिस्क भरली. पुढचे बोलणे साठवले जाणार नाही. ते पुन्हा ऐकण्याची संधी मिळेलच, असे नाही. म्हणून साठवणीच्या जागेवर लक्ष ठेवणे हा क्षेत्रीय अभ्यासाचाच एक भाग मानला पाहिजे.

मजकूर आणि ध्वनी

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. ‘नाशिक’ या शब्दात न, काना, श, वेलांटी आणि क अशी ५ चिन्हे आहेत; म्हणजे १५ बाइट. या हिशेबाने आठ हजार शब्दांचे लिप्यंतर साधारणपणे १५० किलोबाइटमध्ये मावते. याउलट, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी ध्वनिमुद्रण सेकंदाला ८८,२०० बाइट घेते. तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट. डिस्क भरते ती बहुधा ध्वनीमुळे, मजकुरामुळे नव्हे.

जागा कशी पाहावी?

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकारास येऊ लागली. तिच्याच धाटणीच्या लिनक्सचा आरंभ १९९१ साली झाला. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सवरच आधारलेली आहे. या प्रणालींत दोन आज्ञा रूढ आहेत. ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक विभागात किती जागा वापरली व किती उरली, हे सांगते. ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली, हे सांगते. उत्तर मात्र आकड्यांच्या रांगांत मिळते.

तेच चित्ररूपाने पाहण्यासाठी ‘बाओबाब’ हे साधन आहे. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. या साधनाने काढलेल्या वर्तुळाकृती आकृतीत मध्यभागी आपण निवडलेले फोल्डर असते आणि भोवतीच्या कड्यांत त्यातील उपफोल्डर असतात. फोल्डर जितके मोठे, तितका त्याचा कंस रुंद. कंसावर टिचकी मारली, की ते फोल्डर मध्यभागी येते व त्याच्या आतील रचना दिसते. केडीई या वातावरणात ‘फाइललाइट’ हे साधन असेच कार्य करते.

अशा तपासणीत एक गोष्ट अनेकदा उघड होते : खोडलेल्या फायली कचरापेटीत पडून असतात आणि ती रिकामी करेपर्यंत जागा व्यापतात.

आकार आणि मोल

येथे सावधगिरी आवश्यक आहे. आकृती आकार दाखवते. मोल दाखवत नाही. सर्वांत रुंद कंस आजींच्या आवाजाचा असू शकतो. जागेची निकड म्हणून नेमका तोच खोडला, तर संग्रहाचा प्राणच गेला. लिप्यंतर हाती असले, तरी त्यातून स्वर, आघात आणि लय पुन्हा मिळत नाहीत. म्हणून पुढील क्रम पाळावा : प्रथम मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी, ती प्रत उघडून ऐकावी, त्यानंतरच पहिल्या डिस्कवरील फाइल काढावी. ‘फ्लॅक’ स्वरूपात ध्वनीतील कोणतीही माहिती न गमावता आकार कमी करता येतो, हेही लक्षात ठेवावे. ज्या फोल्डरचा उपयोग आपणांस ठाऊक नाही, विशेषतः प्रणालीचे फोल्डर, त्यास हात लावू नये.

सारांश

ध्वनिमुद्रणास निघण्यापूर्वी उरलेली जागा पाहावी, ती किती तास पुरेल याचा हिशेब करावा आणि काय ठेवायचे याचा निर्णय अभ्यासक म्हणून आपण स्वतः घ्यावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या आज्ञांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या डिस्कवर १० गिगाबाइट जागा उरली असल्यास वरील पद्धतीचे ध्वनिमुद्रण किती तास करता येईल?
३. ‘आकृती आकार दाखवते, मोल दाखवत नाही’ हे विधान आपल्या परिसरातील बोलीच्या संदर्भात विशद करा.