‘कीस्टुडिओ’ : येसचा हुकलेला अल्बम

1978 साली येसचा ‘टॉर्माटो’ हा अल्बम आला. त्यानंतर गायक जॉन अँडरसन, बासवादक ख्रिस स्क्वायर, गिटारवादक स्टीव्ह हाऊ, की-बोर्डवादक रिक वेकमन आणि ड्रमर अ‍ॅलन व्हाइट या पाच जणांचा असा अल्बम पुन्हा झालाच नाही. लंडनमध्ये 1968 साली सुरू झालेल्या येस या बँडमध्ये माणसं कायम येत-जात राहिली. 80च्या दशकात रेडिओवर गाजला तो येस वेगळा. त्यात हाऊ आणि वेकमन नव्हते. त्यामुळे मार्च 1996मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावी, फ्रीमाँट थिएटरमध्ये हे पाचही जण सलग तीन रात्री एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा जुन्या चाहत्यांना आभाळ ठेंगणं झालं.

त्या मैफली ‘कीज टू असेन्शन’ या नावाने दोन भागांत निघाल्या, 1996 आणि 1997 साली. दोन्ही भाग दुहेरी सीडींचे. याच सुमारास या पाच जणांनी स्टुडिओत सात नव्या रचनाही केल्या होत्या. त्यातल्या दोन पहिल्या संचाच्या शेवटी आणि पाच दुसऱ्या संचात, अशा मैफलींच्या शेपटीला बांधल्या गेल्या. ‘राउंडअबाउट’ आणि ‘स्टारशिप ट्रूपर’ ही जुनी गाणी ऐकून तृप्त झालेला श्रोता पुढच्या अनोळखी रचनेपाशी किती थांबणार? नव्या कामावर हा सरळसरळ अन्याय होता.

2001 साली निघालेल्या ‘कीस्टुडिओ’ या संकलनाने हा अन्याय बऱ्याच अंशी दूर केला. सातही रचना एका सीडीवर, नव्या क्रमाने. ‘चिल्ड्रन ऑफ लाइट’ला आधी वगळलेली वेकमनची सुरुवातही परत मिळाली. एरवी संकलन म्हणजे जुना माल नव्या वेष्टनात. इथे मात्र संकलनामुळेच अल्बम जन्माला आला.

त्याचा कणा आहे ‘माइंड ड्राइव्ह’. हिची बीजं 1981मधली. तेव्हा स्क्वायर आणि व्हाइट लेड झेपेलिनच्या जिमी पेजबरोबर एक नवा बँड उभा करू पाहत होते. ते जमलं नाही, पण त्या वेळचा एक जड, आडवळणी तुकडा स्क्वायरने जपून ठेवला. पंधरा वर्षांनी त्याची साडेअठरा मिनिटांची रचना झाली. हाऊच्या गिटारने हळुवार सुरुवात होते, मग बास आणि ड्रम्स मिळून तो तुकडा ठोकून बसवतात आणि वर अँडरसनचा उंच, स्वच्छ आवाज तरंगतो. स्क्वायरचा बास नुसता मागे राहून साथ करत नाही. तो गिटारशी बरोबरीने बोलतो. विलंबित ख्याल निवांत ऐकणाऱ्या कानाला ही लांबी मुळीच जड जाणार नाही. येसच्याच 1972च्या ‘क्लोज टू द एज’शेजारी बिनदिक्कत ठेवावी अशी ही रचना आहे, असं माझं ठाम मत आहे.

‘दॅट, दॅट इज’ त्याहूनही थोडी लांब, एकोणीस मिनिटांच्या वर. शहरातल्या हिंसेत आणि नशेत होरपळणारी वस्ती हा तिचा विषय. अँडरसनच्या नेहमीच्या आध्यात्मिक शब्दकळेला तो वेगळं वजन देतो. मात्र तिचे सांधे जागोजागी दिसतात. ‘बी द वन’ मला सगळ्यात ढिली वाटते. ‘साइन लँग्वेज’ ही हाऊ आणि वेकमन यांची साडेतीन मिनिटांची शब्दाविण रचना छोटी आणि नेटकी. काही ठिकाणी की-बोर्डचा आवाज पातळ लागतो. 70च्या दशकातल्या ऑर्गनचा भरीवपणा इथे नाही, हे मान्य करायलाच हवं.

दुसरा संच बाजारात येईपर्यंत वेकमन बँड सोडून गेला होता. 2002मध्ये तो परतला, पाचही जणांनी पुन्हा दौरे केले, पण स्टुडिओ अल्बम काही झाला नाही. 2015 साली स्क्वायर गेला, 2022 साली व्हाइट. त्यामुळे या पाच जणांचं स्टुडिओतलं शेवटचं काम म्हणजे हे सुमारे 74 मिनिटांचं संगीत. येस ऐकणाऱ्यांनी ते मैफलींपासून वेगळं काढून, एका बैठकीत आणि ‘कीस्टुडिओ’च्याच क्रमाने ऐकावं.