पाण्यातील विष आणि प्रयोगशाळेतील उंदीर

जे पाणी नितळ दिसते, ज्यास वास नाही आणि जे उकळून घेतले आहे ते निर्धोक, असा आपला जुना समज आहे. पटकीच्या जंतूंपुरता तो खराच आहे. परंतु कित्येक विषे डोळ्यांस दिसत नाहीत, जिभेस कळत नाहीत व उकळल्याने नाहीशीही होत नाहीत. उलट पाणी आटले म्हणजे त्यांचे प्रमाण वाढते. त्यांचा घातकपणा पुष्कळ अंशी आपणांस प्रयोगशाळेतील उंदरांनी शिकविला. मात्र त्या शिकवणुकीचा अर्थ नीट लावावयास हवा. एरवी नाहक भीती तरी वाटते किंवा खोटा धीर तरी येतो.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्या. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत धातूच्या सामानास चकचकीत मुलामा देण्याचे काम चालते. त्यासाठी क्रोमिक आम्ल लागते व त्यांत षट्संयुजी नावाच्या विषारी स्वरूपाचे क्रोमियम असते. असे सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर ते जमिनीत मुरून विहिरींस आणि नाल्यांवाटे, जिला आपण गंगा म्हणतो त्या गोदावरीस, मिळावयाचे. हे द्रव्य श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे कारखान्यांतील कामगारांवरून पूर्वीच कळले होते. पण ते पाण्यावाटे पोटात गेले तर?

ह्या प्रश्नावर अमेरिकेतील राष्ट्रीय विषविज्ञान संस्थेने केलेल्या प्रयोगांचा अहवाल २००८ साली निघाला. उंदरांच्या दोन जातींना दोन वर्षे असे पाणी पाजण्यात आले. मोठ्या जातीच्या उंदरांच्या तोंडात व लहान जातीच्या उंदरांच्या लहान आतड्यात गाठी आढळल्या. जठरातील आम्लरस ह्या क्रोमियमचे बरेचसे रूपांतर सौम्य प्रकारात करतो. तथापि सर्व विष त्याच्या तावडीत सापडत नाही, असा ह्याचा अर्थ.

येथे कोणी म्हणेल, "मोठ्या उंदरांना लिटरमागे १८० मिलिग्रॅमपर्यंत क्रोमियम पाजले, आपल्या देशात पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. मग ह्या प्रयोगाचा आपणांशी संबंध काय?" शंका रास्त आहे. परंतु एखाद्या विषाने लाखांत एकास रोग होत असेल, तर ५० उंदरांच्या गटात तो दिसणारच नाही. तो पाहावयास लाखो उंदीर लागतील. म्हणून मात्रा वाढवितात.

मग त्यावरून माणसाची मर्यादा कशी काढावयाची? साधारण रीत शाळेतल्या त्रैराशिकासारखी आहे. समजा, एका विषाची वजनाच्या दर किलोस रोज १ मिलिग्रॅम मात्रा प्राण्यांस बाधत नाही. माणूस उंदराहून नाजूक असू शकेल, म्हणून तिला १० ने भागावयाचे. माणसांतही बालके, गर्भवती व रुग्ण अधिक नाजूक, म्हणून पुन्हा १० ने. उरले ०.०१. साठ किलोच्या माणसास ते दिवसाचे ०.६ मिलिग्रॅम झाले. कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषांसाठी ह्याहूनही सावध गणित करतात.

तथापि उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. ह्याचा धडा आर्सेनिकने, म्हणजे सोमलातील मूळ विषाने, दिला. १९६८ साली तैवानात ४० हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आर्सेनिकयुक्त विहिरींचे पाणी पिणाऱ्यांत त्वचेचा कर्करोग आढळला. प्रयोगशाळेतील प्राण्यांत मात्र तो रोग दीर्घकाळ दिसून येईना. पुढे २००३ साली, गाभण उंदरिणींना असे पाणी पाजले असता त्यांच्या पिलांत मोठेपणी गाठी होतात, असे प्रसिद्ध झाले. तोवर उंदरांवर विसंबून राहणे किती महाग पडले असते! तात्पर्य, प्राण्यांत बाधा दिसली तर सावध व्हावे. न दिसली तर निश्चिंत होऊ नये.

आणि एवढे ज्ञान मुक्या जिवांच्या प्राणांनी विकत घेतले असता ते कपाटातल्या अहवालांत पडून राहावे काय? कारखान्याने सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडू नये. वसाहतीजवळ ज्यांची विहीर वा कूपनलिका आहे, त्यांनी तिचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि धातूंची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी. केवळ जंतूंच्या तपासणीत हे विष सापडत नाही. डोळ्यांनी केलेली परीक्षा येथे उपयोगी नाही.