चलाचा प्रकार: इंटरफेस की क्लास?

जावाच्या १.२ आवृत्तीत (१९९८) ‘लिस्ट’ हा इंटरफेस आणि तो राबवणारे ‘ॲरेलिस्ट’ व ‘लिंक्डलिस्ट’ हे क्लास आले. चल ‘लिस्ट’ प्रकाराचा घोषित केल्यास पुढे क्लास बदलताना साधारणतः ऑब्जेक्ट निर्माण करणारी एकच ओळ बदलावी लागते. ‘ॲरेलिस्ट’ घोषित केल्यास तेच नाव मेथडच्या पॅरामीटरमध्येही पसरते व दुरुस्ती ठिकठिकाणी करावी लागते.

मात्र इंटरफेस वेगाची हमी देत नाही. क्रमांकावरून घटक मिळवण्यास ॲरेलिस्टला स्थिर वेळ लागतो; लिंक्डलिस्टला यादीच्या लांबीनुसार वाढत जाणारा. शिवाय ‘ट्रिमटूसाइझ’ ही मेथड लिस्टमध्ये नाही. ती हवी असल्यास क्लासच घोषित करावा. म्हणून विद्यार्थ्यांकडून नियम पाठ करून घेण्याऐवजी ‘या चलाकडून नेमके काय हवे?’ असा प्रश्न त्यांना प्रथम विचारावा.