निमे रुपये आणि नवा मुनीम

जुन्या हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. शंभर रुपयांची हुंडी असेल तर शंभराचा आकडा, त्याचे निमे पन्नास आणि त्यांची दुप्पट पुरी, असे फिरून फिरून लिहिले जाई. वाटेत कोणी आकडा बदलला तर निमे त्याला उघडे पाडीत.

आज पेढीच्या संगणकावरून तशाच चिठ्ठ्या जातात. त्यांना ‘एपीआय विनंती’ म्हणतात. ई-वे बिलाची चिठ्ठी पाहावी: दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, एचएसएन संकेतांक, किंमत, अंतर, गाडीचा क्रमांक, सारे नेमून दिलेल्या रकान्यांत. रकाना चुकला की चिठ्ठी परत. ती लिहिणे आजवर प्रोग्रॅमरचेच काम होते.

आता ते काम भाषेची प्रारूपे, म्हणजे लँग्वेज मॉडेल, करू लागली आहेत. साध्या बोलीत ‘सोलापूरच्या पार्टीला मागच्याच भावाने चाळीस पोती’ एवढे सांगावे आणि प्रारूपाने त्याची रकानेबद्ध विनंती करून द्यावी. ओपनएआयने जून 2023 मध्ये ही सोय ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने खुली केली. तीत प्रारूप स्वतः काहीच पाठवत नाही. ते चिठ्ठी लिहून देते. पाठवतो तो पेढीचा प्रोग्रॅम. मुनीम लिहितो, सही शेठजींची, हा जुना रिवाज इथे राखता येतो. पुष्कळ ठिकाणी तो घाईत सोडून दिला जातो, हे खरे दुखणे.

कारण सोलापूरच्या पार्ट्या दोन असू शकतात आणि ‘मागचा भाव’ नेमका कोणत्या दिवसाचा, हे वाक्यात नसते. जाणता मुनीम अशा वेळी विचारतो. प्रारूप पुष्कळदा विचारत नाही. शोभेलसा आकडा भरून मोकळे होते. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच कंपनीने रकान्यांचा साचा तंतोतंत पाळला जाईल अशी सोय दिली. परंतु साचा पाळणे आणि खरे लिहिणे यांत अंतर आहे. मुनींच्या भाषासमितीत जोखून, निर्दोष बोलण्याचा दंडक आहे. यंत्राला तो पेढीनेच घालून द्यावा लागतो.

जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांतले शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. तेच आजचे निमे. मनाने रचलेला क्रमांक तिथे बहुधा पकडला जातो. भावाला असे निमे नाही. 2,400 च्या जागी 2,450 गेले तरी सरकारी संगणक काही बोलणार नाही. म्हणून शिल्लक पाहणे, भाव विचारणे प्रारूपावर सोपवावे. बिल फाडणे आणि पैसे पाठवणे या दोन गोष्टींपूर्वी भरलेले रकाने माणसासमोर यावेत, रिकामा रकाना रिकामाच दिसावा. ई-वे बिल चुकले तर रद्द करण्यास 24 तास मिळतात, आणि गाडी वाटेत तपासली गेली असेल तर तेवढेही नाहीत.