पंख ओढत नेणारी मोटार

हौशी वैमानिकाची खरी अडचण उतरल्यावर सुरू होते. छोटं विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर टेकतं, आणि जायचं ठिकाण तिथून आणखी पाच-दहा मैल असतं. वाटेत ढग खाली आले तर मिळेल त्या धावपट्टीवर उतरून आभाळ मोकळं व्हायची वाट बघत बसावं लागतं. उडत्या मोटारीमागचा मूळ विचार या दोन दुखण्यांचा होता. ट्रॅफिकवरून भुर्रकन उडून जाण्याचं चित्र जाहिरातींना जास्त शोभतं, एवढंच.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावच्या मोल्टन टेलरनं हे नेमकं ओळखलं. १९४६ साली त्याची गाठ रॉबर्ट फुल्टनशी पडली. हा फुल्टन त्याआधी मोटरसायकलवरून लंडनहून टोकियोपर्यंत, वाटेत हिंदुस्थान पालथा घालून, गेलेला गडी. त्याच्या ‘एअरफिबियन’ या उडत्या मोटारीचे पंख धावपट्टीवर सोडून मोटार तेवढी पुढे जायची. टेलरला ते पटलं नाही. पंख मागे राहिले, की पुन्हा उडायला तिथेच यावं लागणार! त्यानं पंख मिटते केले आणि शेपटासकट त्यांचाच ट्रेलर करून मोटारीमागे जोडला. १९४९ मध्ये त्याची ‘एरोकार’ तयार झाली.

एकट्या माणसाला पाच मिनिटांत मोटारीचं विमान करता यायचं. मागची नंबरप्लेट वर उचलली की आतला जोड दिसे. पंख्याचा दांडा तिथे जोडायचा. सीटमागचं एकच लायकमिंग इंजिन रस्त्यावर पुढची चाकं फिरवी आणि हवेत शेपटाच्या टोकाचा पंखा. हा लांबलचक दांडा इंजिनच्या धक्क्यांनी पिळवटून थरथरायचा. टेलरनं मध्ये पोलादी छर्रे भरलेलं कपलिंग बसवलं आणि ती थरथर जिरवली. सगळ्या यंत्रात मला सर्वांत आवडतो तो हा भाग, कारण तो कुठल्याच जाहिरातीत चमकणारा नाही.

१९५६ मध्ये सरकारी प्रमाणपत्रही मिळालं. म्हणजे यंत्र चालत होतं, उडत होतं, कायदेशीर होतं. एका मोठ्या कंपनीनं पाचशे मागण्या आणल्यास उत्पादन करायची तयारी दाखवली. टेलरला त्याच्या निम्म्याच जमल्या. एकूण सहा गाड्या बनल्या. त्यातली एक पोर्टलंडच्या रेडिओ केंद्रानं वरून रस्त्यावरची कोंडी बघायला वापरली!

गिऱ्हाईक का फिरकलं नाही? हिशोब वजनाचा आहे. गिअरबॉक्स, बंपर, रस्त्याची चाकं हे सगळं हवेत निव्वळ ओझं. १४३ अश्वशक्तीची एरोकार दोघांना घेऊन ताशी शंभर मैलांच्या आसपास जाई. त्याच दशकाच्या अखेरीस आलेलं ‘सेस्ना १५०’ शंभर अश्वशक्तीत दोघांनाच नेई, आणि जास्त वेगानं. रस्त्यावर एरोकारचा वेग साठ मैलांपर्यंत, तोही पंखांचं लटांबर मागे घेऊन. शिवाय बाजारात कोणी मागून ठोकर दिली, तर साध्या मोटारीला पोचा पडतो आणि ती घरी जाते. इथे तो पोचा विमानाला पडलेला असतो. तपासणी झाल्याशिवाय शहाणा वैमानिक उडणार नाही.

नव्या पिढीनं पंख मिटायचं काम बटणावर आणलं. स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाईनची ‘एअरकार’ २०२१ च्या जूनमध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हाला पस्तीस मिनिटांत उडत गेली, उतरली, पंख मिटून शहरात शिरली. पुढच्या जानेवारीत तिला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं. पण उडायला धावपट्टी लागते, चालकाला वैमानिकाचा परवाना लागतो, आणि हवामान बिघडलं की तीही जमिनीवरच. मात्र तेव्हा ती रस्त्यानं घरी आणते, आणि टेलरला हवं होतं ते हेच.

आड जागी धावपट्ट्या भरपूर आणि टॅक्सी मुळीच नाही, अशा मुलखात तिचा उपयोग मी मान्य करीन. एरवी पैसे माझे असते, तर मी जुनं सेस्ना घेतलं असतं आणि उतरल्यावर भाड्याची गाडी.