नाव घ्या, पण स्वतःचं



भाताची लावण उरकली, भांगलण सुरू आहे आणि पंचमी आठ दिवसांवर आली. हात कुणाचेच रिकामे नाहीत, हे मला ठाऊक आहे. कान तेवढे इकडं द्या. काम करता करता ऐकलं तरी चालेल.

गटाच्या बैठकीला नवीन बाई आली की आपण विचारतो, "काय करता ताई?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, घरीच असते." हे 'काही नाही' जरा उलगडून बघू. पहाटे उठून शेणघाण, धार, पाणी भरणं, चहा, भाकरी, पोरांचे डबे. डेअरीला दूध घातलं की रान. येताना डोक्यावर वैरणीचा भारा. पुन्हा धार, पुन्हा चूल. सगळ्यांची ताटं झाली की टोपल्यात जे उरलं असेल ते आपलं. झोपताना दुसऱ्या दिवशीच्या भाजीची काळजी. याचं नाव 'काही नाही'.

सरकारनं २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसांचा दिवस कुठं जातो, ते मोजलं. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं निघाली ९७. लेकराबाळांचं आणि आजाऱ्याचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. रानातलं कामही यात नाही. सरकारी कागदावर आपलं काम मिनिटांनी मोजलं गेलं, आणि आपण मात्र अजून 'काही नाही' म्हणतोय.

आजचा विषय आहे आत्मसन्मान. शब्द जड आहे. आपल्या बोलण्यात 'मान' जास्त येतो. पण जरा आठवा, आपला मान कायम दुसऱ्याच्या हातात असतो. लग्नातलं मानपान, मानाची साडी, ओटी. कुणीतरी द्यायचं, मग आपल्याला मिळायचं. नाही दिलं की आपण चार वर्षं रुसून बसायचं. त्यापेक्षा 'आब राखून राहणं' हे मला जवळचं वाटतं. ते आपलं आपल्याला करता येतं, कुणी साडी नेसवायची वाट बघावी लागत नाही. पण ते जमायला बाईला आधी आपण कुणीतरी आहोत असं वाटायला हवं. आणि तिथंच गाडी अडते, कारण आपल्याला आपल्या नावानं हाक मारणारं माणूस शेवटचं कधी भेटलं, तेच आठवत नाही.

लहानपणी नावानं हाक मारतात. लग्न झालं की काही घरांत नावच बदलतात. मग आपण अमक्याची सून, तमक्याची बायको, पोरगं झालं की त्याची आई. नवरा हाक मारतो ती "अगं ए". हळदीकुंकवाला गेलं की बाया मागं लागतात, "नाव घे, नाव घे." आपण लाजत उखाणा घेतो. नाव कुणाचं? नवऱ्याचं. त्यात वाईट काही नाही, उखाण्याची मजा मलाही आवडते. पण आयुष्यभर नाव घेऊन घेऊन बाईच्या तोंडात स्वतःचं नाव एकदाही येत नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

नावात एवढं काय आहे, असं कुणी विचारलं तर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली गोष्ट सांगा. तिथं कितीतरी मुलींचं नाव नकुशी होतं. कुठं नकुसा, कुठं नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढं मुलगा होतो अशी समजूत. साताऱ्यातच नव्हे, आपल्या बाजूलाही हे नाव अनोळखी नाही. ती मुलगी शाळेत गेली की मास्तर हजेरी घेणार, "नकुशी." तिनं उठून म्हणायचं, "हजर." नको असलेली हजर आहे, असं रोज, वर्षभर, चाळीस पोरांसमोर.

मग सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य खात्यानं अशा मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ या दिवशी साताऱ्यात एक समारंभ केला. २८५ मुलींना नवीन नावं मिळाली. प्रत्येकीला नव्या नावाचा दाखला दिला. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. नटीचं नाव घेतलं म्हणून हसू नका. बारशाला आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, या मुलींना निदान दुसऱ्या खेपेला विचारलं गेलं.

दाखला एका दिवसात होतो. तोंडातलं नाव बदलायला वेळ लागतो. घरच्यांची, गल्लीची, मैत्रिणींची जीभ वळायला हवी. म्हणून हे काम नुसतं सरकारचं नाही. तुमच्या गटात, तुमच्या भावकीत अशी कुणी नकुशी असेल, पन्नाशीची असली तरी, तिला विचारा, "तुला काय म्हणू?" राजपत्रात नाव बदलून घेता येतं, त्याचा अर्ज भरायला सेवा केंद्रात मदत होते. पण ते न करताही हाक आजपासून बदलता येते.

आता कुणी म्हणेल, नावानं काय पोट भरतं? भरतं, कसं ते सांगते. डेअरीचं पुस्तक काढून बघा. म्हैस कुणी धुतली, वैरण कुणी आणली, धार कुणी काढली, दूध घालायला भल्या सकाळी रांगेत कोण उभं राहिलं? आणि पुस्तकावर नाव कुणाचं आहे? बिल त्या नावावर जमा होतं. संस्थेचं सभासदत्व त्या नावाचं, सभेला बोलावणं त्या नावाला. उद्या दुसरी म्हैस घ्यायला बँकेत गेलं की बँक विचारते, तुमचं उत्पन्न दाखवा. वीस वर्षं धारा काढलेल्या बाईकडं दाखवायला एक कागद नसतो. घरात भांडण न करता एवढं तर होईल की एका म्हशीचं दूध आपल्या नावानं घालायचं. पैसे घरातच येतात. पण ते आपल्या खात्यातून येतात, आणि "विचारून सांगते" म्हणणारी बाई हळूहळू "बघून सांगते" म्हणायला लागते. हा फरक मी गटातल्या बायांत बघितलाय.

जमिनीचंही तसंच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा राज्यातल्या हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. पुढं सरकारनंही ती योजना म्हणून घेतली. नवऱ्याच्या संमतीनं तलाठ्याकडं अर्ज दिला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव त्याच्या जोडीनं लागतं. आणि तरण्या पोरींसाठी एक चांगली गोष्ट: १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आला आहे. सुनेचं बाळंतपण जवळ आलं असेल तर जन्मदाखला घेताना हे नीट बघून घ्या.

आता आपल्या शिराळ्याकडं येते. नागपंचमीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. गोरखनाथ महाजनांच्या दारी भिक्षा मागायला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? आणि मातीचा नाग जिवंत झाला. या गोष्टीत नाथांचं नाव आहे, महाजनांचं घराणं आहे, गावाचं नाव तर साऱ्या देशात गेलं. त्या बाईचं नाव मात्र मी ऐकलेल्या गोष्टीत कधी आलं नाही. आणि बघा, न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नाग पकडून पूजायला बंदी आली, तेव्हा गाव पुन्हा मातीच्या नागाकडं वळलं. म्हणजे ती बाई करत होती, तिथंच.

पण पंचमीची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी काय काय करायचं नसतं, ते आठवा. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, रान खणायचं नाही. उकडलेली दिंडं करायची. नागाला इजा नको म्हणून हा नियम, असं सांगतात. कारण काही असो, वर्षातला एक दिवस असा आहे की भाकरी थापली नाही म्हणून कुणी बाईला बोलू शकत नाही. माहेरवाशिणी घरी येतात, झाडाला झोका टांगतात, झिम्मा, फुगडी, पिंगा, काटवटकाणा. जुन्या बायांनी आपल्या सुखाची सोय देवाच्या नियमात बसवून ठेवली, असं मला वाटतं. नुसतं "दमलेय, बसते" म्हटलं असतं तर कुणी बसू दिलं असतं?

जात्याचंही तसंच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. बहुतेक अक्षर न शिकलेल्या बायांनी रचलेल्या. सासूसमोर जे बोलता येत नव्हतं, ते जात्यासमोर गाता येत होतं. जातं गेलं, गिरणी आली, ते बरंच झालं. पहाटे तीनला उठून दळणारीला विचारा. पण त्या दगडाबरोबर बायांची बोलायची जागाही गेली. आता बचत गट ही आपली जागा आहे, पण तिथं आपण हप्ता, व्याज, सही एवढं करून पदर खोचून उठतो. हिशेब झाल्यावर दहा मिनिटं बसा. एकीनं तरी महिनाभरात काय चांगलं केलं, ते सांगायचं. "माझ्या लोणच्याला बुरशी आली नाही", "मी पहिल्यांदा एटीएममधून पैसे काढले", "मी चहा गरम असताना प्याले." हसू नका, हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

आणि एक स्पष्ट सांगते. झिम्मा-फुगडीनं सगळं बरं होत नाही. कुणाच्या घरात मारहाण होत असेल तर तिला "मन रमव" असं सांगू नका. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक तिला द्या आणि तिच्याबरोबर उभ्या राहा. कुणाला दिवसेंदिवस झोप नाही, जेवण नको, जगणंच नको असं वाटत असेल तर १४४१६ वर फोन लावता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. आणि सारखी दमते, कशातच जीव रमत नाही असं वाटणारीनं आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. पुष्कळदा मनाला दोष देतो आणि कमी असतं अंगातलं रक्त.

आपल्याच भागातल्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. सरकारनंही मग बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव ग्रामसभेचा असला तरी तो पाळला जातो हळदीकुंकवाच्या ताटापाशी. नवरा गेलेली बाई दारात घुटमळते, आणि आपणच नजर दुसरीकडं वळवतो. तिथं पुरुष नसतो बरं का, सगळ्या आपणच असतो.

तेव्हा या पंचमीला फेर धराल तेव्हा तिलाही हाताला धरून आत घ्या, तिच्या नावानं हाक मारून. फुगडीला वय नसतं आणि कुंकवाची अट तर कधीच नव्हती. आणि उखाण्याची वेळ आली की नवऱ्याचं नाव घेऊन झाल्यावर एक उखाणा स्वतःचाही घ्या. सुरुवातीला सुचत नसेल तर हा घ्या, मोकळ्या जागी आपलं नाव घालायचं:

मोरणेच्या काठी डुलतं हिरवं भाताचं रान,
_______ नाव माझं, मीच राखते माझा मान.

यापेक्षा चांगला तुम्हीच जुळवाल. जुळवलात की लिहून पाठवा, नाहीतर पोराकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. पंचमीनंतरच्या कार्यक्रमात आम्ही ते ऐकवू, ज्याचं त्याचं नाव मोठ्यानं घेऊन. आडनाव नाही सांगितलं तरी चालेल.