गोधडीच्या पोटातलं घर

घराच्या आठवणी जपण्याच्या आपल्याकडच्या रीतींचा आढावा संपादकांनी मागितला आहे. आढावा देते, पण तो समतोल असणार नाही हे आधीच सांगून ठेवते. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की मी कुठूनही निघाले तरी गोधडीपाशीच येऊन बसते. वाटेत जे लागेल ते उरकून घेऊ.

पहिला मान अर्थातच कुलवृत्तांताचा, कारण तो जाडजूड असतो. पुण्यात घराण्यांचे इतिहास छापायची हौस शंभर वर्षांहून जुनी. गोत्र, कुलस्वामिनी, मूळ गाव, कोकणातून घाटावर कोण कधी आला, कुणाला कुठली सनद मिळाली आणि शेवटी तो घडी घातलेला वंशवृक्ष, उलगडला की हमखास घडीवर फाटणारा. कामं कष्टाची आहेत, मी नाकारत नाही. पण जुन्या पिढ्यांकडे जसजसं मागे जावं तसतशा बायका विरळ होत जातात आणि एका फांदीनंतर नुसते पुरुषच उरतात, जणू एकमेकांपासूनच जन्मले. एका कुलमंडळाच्या बैठकीत मी विचारलं, घरातल्या वस्तूंचं एक प्रकरण घ्यायला काय हरकत आहे? एक सन्माननीय सभासद म्हणाले, "बाई, आपण इतिहास लिहितोय, बोहारणीची यादी नाही." त्यांचं ते वाक्य मी आजवर अनेक व्याख्यानांत वापरलं आहे, त्याबद्दल त्यांची ऋणी आहे.

गंमत अशी, की ज्या पितृपक्षाला आमची सुधारक मंडळी नाकं मुरडतात, तो याबाबतीत कुलवृत्तांतापेक्षा उदार आहे. तिथे बाप, आजोबा, पणजोबांबरोबर आई, आजी आणि पणजीचंही नाव घ्यावं लागतं; आईच्या माहेरच्यांचंही. महालयाची यादी तर पुढे काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, आप्त इथपर्यंत जाते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी राखलेली. मी काही फार धार्मिक बाई नव्हे, पण वर्षातून एकदा गुरुजींनी "पणजीचं नाव?" म्हणून थांबावं आणि सगळ्या घराने एकमेकांकडे बघावं, ही परीक्षा मला आवडते. हल्ली उत्तर देवघराच्या खणातल्या चिठोऱ्यावर असतं. असू दे, चिठोरा तरी आहे.

लिहून ठेवण्याचं म्हणाल तर 1910 साल लक्षात ठेवावं. त्या वर्षी राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि त्याच वर्षी रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झालं. राजवाड्यांनी गावोगाव वाड्यांतली दप्तरं धुंडाळून कागद वाचवले, नाहीतर ते वाणसामानाच्या पुड्यांना गेले असते. त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. फक्त एवढंच, की ज्या माळ्यावरून ती रुमालात बांधलेली दप्तरं खाली आली, त्याच माळ्यावर शेजारी गाठोडीही होती. ती कुणी सोडली नाहीत.

सणांचं थोडक्यात. भोंडला आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये ध्वनिवर्धकावर होतो. खिरापत ओळखायचा खेळ केटररने संपवला. दिवाळीतला किल्ला अजून टिकून आहे, कारण मुलांना माती आवडते. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे आणि उतारावर हळीव पेरायचा, हे बापाने मुलाला अजून न सांगता समजतं. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकचा डबा आला, यापलीकडे मला संक्रांतीवर काही बोलायचं नाही.

चैत्रगौरीवर मात्र थांबायला हवं. गौर बसली की आंबेडाळ-पन्ह्याच्या नावाने हळदीकुंकू आजही होतं, पण दारातलं चैत्रांगण गेलं. शंख, चक्र, गोपद्मं, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, फणी, करंडा, एकेक आकृती सासूने सुनेच्या हाताला हात लावून शिकवलेली. माझ्या सासूबाईंचा हत्ती कायम डावीकडे बघायचा. का, तर त्यांच्या सासूबाई डावऱ्या होत्या! आता चिकटवायचं चैत्रांगण मिळतं. त्यातले हत्ती सगळीकडे एकाच बाजूला बघतात.

गौरींचंही तेच. कुणाच्या मुखवट्यांच्या, कुणाच्या तेरड्याच्या, आमच्या खड्यांच्या. नदीवरून खडे वेचायचे आणि न बोलता घरी आणायचे. मुठेकडे आज बघून कुणी ते करील असं वाटत नाही; सोसायटीच्या नळाशी पाणवठा मानून घेतात. माझी त्याला मुळीच हरकत नाही. प्रत्येक घराची रीत वेगळी, आणि त्या वेगळेपणातच घराची ओळख असते, इतकंच.

आता गोधडी.

गोधडी शिवायची कशी हे मराठी वाचकाला सांगायला नको. तरी एक सांगते, कारण प्रदर्शनांतली मंडळी नेमकं तेच विसरतात: गोधडी वरून दिसते त्याहून आत जास्त असते. वरचं लुगडं विरलं की ते काढून टाकत नाहीत, त्यावरच दुसरं घालतात आणि पुन्हा टाके घालतात. त्यामुळे जुनी गोधडी जाड होत जाते आणि सर्वांत जुना माणूस सर्वांत आत असतो.

आमच्या शनिवार पेठेतल्या घरची एक गोधडी मी आमच्या आत्याबाईंना समोर बसवून उसवली होती. वर आईंचं इरकल, टोपपदर फिका पडून गुलाबी झालेला. त्याखाली मांजरपाटाची चादर, कोपऱ्यावर धोब्याची काळ्या शाईची खूण. मग धोतराचा पन्हा, हाताने कातलेल्या सुताचा, गाठी बोटाला लागणारा. आत्याबाई म्हणाल्या, "हे दादांचं. बेचाळीसनंतर त्यांनी दुसरं नेसलं नाही." त्याच्या खाली लहान मुलीच्या परकराचे तुकडे, निळ्यावर पांढरी बुट्टी. हे कुणाचं, ते त्या सांगेनात. बराच वेळ तो तुकडा अंगठ्याने चोळत बसल्या आणि मग म्हणाल्या, आमची एक धाकटी होती, प्लेगात नव्हे, नंतरच्या तापात गेली. त्या मुलीचं नाव आमच्या छापील वंशावळीत नाही. तिचा परकर मात्र साऱ्या घराने पांघरला होता, माझ्या मुलांनीसुद्धा. ती गोधडी मी त्याच क्रमाने पुन्हा शिवून घेतली.

ही गोधडी टिकली कशी, तेही ऐका. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या माळ्याखालच्या खोलीत चिखल होता. पत्रिका, खरेदीखतं, पत्रं, दोन अल्बम, सगळ्याचा लगदा. गोधड्या मात्र पुन्हापुन्हा धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या आणि त्या पुढच्या थंडीत अंगावर होत्या. कागदाचे कैवारी मला इतिहास शिकवायला येतात तेव्हा मी त्यांना हे सांगते.

तान्ह्या बाळाला पहिलं कापड जुनंच, ही रीतही याच घराण्यातली. दुपटं आजीच्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कुंची तिच्याच ठेवणीतल्या पैठणीच्या उरल्यासुरल्या काठाची. मूल डोळे नीट उघडायच्या आधी आजीचा वास ओळखतं. कोणत्या अल्बमने हे जमवलं आहे?

बंगालच्या कंथेला विद्वान मिळाले, कोलकात्याजवळ जोक्याला गुरुसदय दत्तांच्या संग्रहात ती मानाने टांगली गेली. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. आमच्याकडे मात्र गोधडी म्हटलं की अजून एक जाणकार उठून सांगतात, ही कला नव्हे, ही गरिबी. गरिबी होतीच. म्हणून काय झालं? ओवीही जात्यावरच्या कष्टातून आली. तिचे खंड निघाले, प्रबंध झाले.

पुण्यात घरगुती वस्तूंची कदर करणारा एक माणूस होऊन गेला: दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी राजा केळकर संग्रहालय उभं केलं. शुक्रवार पेठेतल्या त्या वास्तूत दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्रीसुद्धा आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींमागे सगळे धावत असताना या माणसाने वज्री गोळा कराव्यात, त्यांत पत्नी कमलाबाईंनी साथ द्यावी, याचं मला फार अप्रूप आहे. एका मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी हजारो परक्या घरांच्या आठवणी सांभाळल्या. सुटीत नातवंडांना मॉलमध्ये नेणाऱ्यांनी एकदा तिथेही जावं.

आता सध्याचं. रुखवत भाड्याने मिळतं. क्रोशाचा रुमाल, मण्यांचं तोरण एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातं. मुलीच्या हाताचं त्यात काही नसतं. वाडे पाडले गेले, त्यांच्याबरोबर माळे गेले, पत्र्याच्या ट्रंका गेल्या, आणि फ्लॅटमधल्या लॉफ्टवर जागा सूटकेसींना पुरत नाही. प्रदर्शनांत मात्र गोधडीचा सुकाळ आहे. दुकानातून नवं कापड आणून, रंग जुळवून, आत पॉलिस्टरचं अस्तर भरून शिवलेल्या त्या 'हेरिटेज' गोधड्या दिसायला देखण्या असतात. त्यांत एकही माणूस नसतो. विकणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "मावशी, जुने कपडे गिऱ्हाईकाला अनहायजिनिक वाटतात." काय बोलणार!

माझं मागणं लहानसं आहे. या दिवाळीत कपाट आवराल तेव्हा आईची एक सुती साडी, वडिलांचा एक सदरा बोहारणीच्या पातेल्यापासून वाचवा. कुणाचं, कोणत्या साली घेतलेलं, हे सुती फितीवर न जाणाऱ्या शाईने लिहून ती फीत आतल्या बाजूला टाचून ठेवा. पेठांतून अजूनही गोधडी शिवून देणाऱ्या बायका फिरतात. हाक मारून थांबवा, जुनंच कापड द्या आणि कोणता थर कुठे घालायचा ते शेजारी बसून सांगा. आणि मजुरीत घासाघीस करू नका.